१५ दिवसांचा ‘हर्बल कोलन क्लीन्झ’ कोर्स: वजन खरंच उतरतं का, आणि कोणी घेऊ नये?

वजनकाटा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. व्यायामशाळेत प्रशिक्षक आहे. लग्नसराई जवळ आली की सभासद एकाच गोष्टीबद्दल विचारू लागतात: ‘आतडी साफ करून’ वजन उतरवणारा वनस्पतींचा कोर्स. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण थोड्याफार फरकाने अशी अनेक पाकिटं बाजारात आहेत. एका पाकिटावरचा मजकूर असा:

सकाळी रिकाम्या पोटी एक पुडी: सोनामुखीची पानं १.५ ग्रॅम, हिरडा, बडीशेप, सैंधव आणि ‘इतर वनस्पती योग्य प्रमाणात’. दुपारी इसबगोल ३ ग्रॅम आणि बेंटोनाइट माती २ ग्रॅम पाण्यातून. रात्री पुन्हा सकाळचीच पुडी, सोबत दोन कॅप्सूल. कॅप्सूलमध्ये काळा बोळ (कोरफडीचा सुकवलेला चीक) आणि गार्सिनिया या कोकमाच्या कुळातल्या फळाचा अर्क. पहिले ३ दिवस फक्त फळांचा रस आणि सूप, पुढे एक वेळ जेवण.

दावा आहे की १५ दिवसांत ५ ते ७ किलो वजन उतरतं आणि आतड्याला चिकटलेला ८-१० किलो जुना मळ निघतो. ज्यांनी घेतला त्यांचा काटा पहिल्या आठवड्यात खरोखर ३ किलोच्या आसपास खाली येतो. म्हणून नुसतं ‘थोतांड आहे’ म्हटलं तर कोणी ऐकत नाही. मला हे समजून घ्यायचं आहे: हे ३ किलो नेमके कशाचे? मात्रा सुरक्षित आहे का? बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असलेल्यांना काय सांगावं? जाणकारांनी जरा खोलात जाऊन लिहावं.

पचनमार्ग

आधी हिशेब करू, म्हणजे सभासदांनाही दाखवता येईल. १ किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० किलोकॅलरी. १५ दिवसांत ५ किलो चरबी घालवायची तर ३८,५०० किलोकॅलरींची तूट हवी, म्हणजे रोज सुमारे २,५७०. बैठं काम करणाऱ्या बहुतेक माणसांचा दिवसभराचा एकूण खर्चच याहून कमी असतो. काहीही न खाता झोपून राहिलं तरी हा आकडा गाठता येत नाही. ७ किलोंचा दावा तर विचारातच घ्यायला नको.

मग काटा का उतरतो? तीन कारणं आहेत आणि तिन्ही खरी आहेत. पहिलं ग्लायकोजेन. यकृत आणि स्नायूंमध्ये मिळून ४०० ते ५०० ग्रॅम साखर या रूपात साठवलेली असते आणि दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. ३ दिवस रसावर काढले की यातला मोठा वाटा संपतो आणि दीड-दोन किलो तिथेच कमी होतात. दुसरं, अन्न कमी गेल्यामुळे आतड्यातला नेहमीचा माल कमी होतो. तिसरं, जुलाबांतून जाणारं पाणी आणि क्षार. तिन्हींची बेरीज सहज ३ किलो होते. त्यात चरबी किती? रोजचं खाणं निम्म्यावर आलं तर आठवड्याला अर्धा किलो, फार तर पाऊण. आणि तीही कमी खाल्ल्यामुळे गेलेली असते. पुडीचा त्यात वाटा जवळपास नाही.

पुडीचा वाटा का नाही, हे शरीररचनेतच आहे. पोषण शोषलं जातं लहान आतड्यात, त्याची लांबी सुमारे ६ मीटर. सोनामुखी आणि काळा बोळ काम करतात त्यापुढच्या दीड मीटरच्या मोठ्या आतड्यात. यांतली द्रव्यं लहान आतड्यातून तशीच पुढे जातात, मोठ्या आतड्यातले जिवाणू ती फोडतात आणि मग आतड्याची हालचाल वाढते. म्हणूनच रात्री घेतलेल्या मात्रेचा परिणाम ६ ते १२ तासांनी दिसतो. तोवर जेवणातल्या कॅलरी रक्तात जाऊन पोचलेल्या असतात. १९८३ मध्ये अमेरिकेत हे मोजूनही झालं. रेचक देऊन ४ ते ६ लिटर जुलाब घडवले, तरी कॅलरींचं शोषण फक्त १२ टक्क्यांच्या आसपास कमी झालं. १,५०० किलोकॅलरी खाणाऱ्याच्या बाबतीत हे १८० होतात, म्हणजे दोन चपात्या. त्यासाठी ४ लिटर पाणी आणि त्यातलं पोटॅशियम गमवायचं.

‘चिकटलेला ८-१० किलो मळ’ हा दावा सरळ खोटा आहे. निरोगी माणसाला दिवसाला साधारण १०० ते २५० ग्रॅम शौच होते आणि तिच्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी ३ ते ५ दिवसांत बदलतात, त्यामुळे तिथे वर्षानुवर्षं थर बसायला जागाच नाही. कोलोनोस्कोपीत आतडं आतून स्वच्छ गुलाबी, ओलसर दिसतं. या तपासणीआधी सुमारे १३७ ग्रॅम पीईजीची (पोट साफ करणाऱ्या औषधाची) पावडर २ लिटर पाण्यातून देतात आणि आतडं या कोर्सपेक्षा कितीतरी जास्त साफ होतं. तरी त्यानंतर कोणी बारीक झालेलं नाही. एखादा किलो कमी झाला तर दोन-तीन दिवसांत भरून येतो.

जाहिरातीतले ते लांब, रबरासारखे, काळपट दोर कुठून येतात, हे सभासद नक्की विचारतील. ते त्याच पाकिटातून येतात. इसबगोल पाणी धरून चिकट होतं, बेंटोनाइट मातीही फुगते, आणि दोन्ही एकत्र आतड्याच्या साच्यात घट्ट होऊन बाहेर पडतात. पुडी सुरू होण्याआधी ते आतड्यात नव्हतेच.

औषधालय

मात्रेबद्दल लिहितो. सोनामुखीच्या पानांत सेनोसाइड (रेचक परिणाम करणारी द्रव्यं) किमान २.५ टक्के असावेत अशी औषधकोशाची अट आहे. म्हणजे १.५ ग्रॅम पानांत कमीत कमी ३७ मिलिग्रॅम, आणि दिवसाला दोन पुड्या म्हणजे ७५. बद्धकोष्ठासाठी मोठ्या माणसाची नेहमीची मात्रा रात्री एकदा १५ ते ३० मिलिग्रॅम, तीही थोडेच दिवस. आठवडाभरात उपयोग नाही झाला तर कारण शोधायचं. इथे अडीचपट मात्रा १५ दिवस, रिकाम्या पोटी, आणि वर काळा बोळ.

काळा बोळ म्हणजे कोरफडीच्या सालीखालचा सुकवलेला पिवळा चीक. आतला पारदर्शक गर वेगळा. पाकिटावर नुसतं ‘कोरफड’ लिहिलं असेल तर कोणता भाग ते विचारा. चीक सोनामुखीच्याच गटातला, पण त्याने पोटात मुरडा जास्त येतो. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध नियामक संस्थेने) २००२ मध्ये रेचक म्हणून याची चिठ्ठीविना विक्री थांबवली, कारण सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा कंपन्यांनी दिला नाही. म्हणजे या कोर्समध्ये एकाच प्रकारची दोन औषधं एकावर एक दिली आहेत. ‘इतर वनस्पती’मध्ये तिसरं काय आहे ते कळायला मार्ग नाही.

आता गोळ्या चालू असलेल्यांचं. तुमच्याकडचे सभासद बहुधा यातच येतील:

बीपीच्या जोडगोळ्या. टेल्मिसार्टनसोबत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असलेल्या गोळ्या फार चालतात. ही दुसरी द्रव्यं लघवीवाटे पोटॅशियम घालवतात आणि जुलाब शौचावाटे घालवतात. रक्तातलं पोटॅशियम ३.५ च्या खाली गेलं की पोटऱ्यांत गोळे येतात, थकवा येतो, धडधड होते. ३ च्या खाली हृदयाची लय बिघडण्याची भीती खरी असते. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेणाऱ्यांना हा धोका सगळ्यात जास्त. टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसोबत शरीरातलं पाणी कमी झालं तर मूत्रपिंडावर ताण येतो. त्यात अंगदुखीवर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतली तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) दोन-तीन दिवसांत वर जाऊ शकतं.

मधुमेह. रसाच्या दिवशी साखर आधी वर जाते आणि ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन चालू असेल तर नंतर एकदम खाली येते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी उपास आणि जुलाब एकत्र करणं विशेष वाईट. त्यांना साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल वाढण्याची गंभीर अवस्था) होऊ शकतो, आणि मळमळ-उलटी हा ‘विष बाहेर पडतंय’ याचा पुरावा समजून माणूस घरीच बसतो.

लिथियम हे मनोविकारावरचं औषध घेणाऱ्यांच्या रक्तातली पातळी पाणी कमी झाल्यावर धोक्याच्या पुढे जाते. गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या बाईला २४ तासांहून जास्त जोरदार जुलाब झाले तर गोळी चुकली असं धरूनच पुढची काळजी घ्यावी.

बेंटोनाइट इतर औषधंही स्वतःला चिकटवून घेते, त्यामुळे त्यांचा परिणाम कमी होतो. त्यात काही बेंटोनाइट उत्पादनांत शिसं आढळल्यामुळे अमेरिकेच्या एफडीएने २०१६ मध्ये इशारे दिले होते. ही माती आहे, ती कोणत्या खाणीतली यावर सगळं अवलंबून. गार्सिनियाच्या अर्कावर यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. डोळे पिवळे, लघवी गडद दिसली तर कॅप्सूल लगेच बंद.

कोणी अजिबात घेऊ नये: गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, मूत्रपिंड किंवा हृदयाचे रुग्ण, आतड्याला सूज असलेले, आतड्याची शस्त्रक्रिया झालेले, मुलं, साठीच्या पुढचे, आणि ज्यांना खाऊन अपराधी वाटतं व मग ते ‘काढून टाकण्याची’ सवय लागली आहे असे सगळे. शेवटच्या गटाला तर प्रशिक्षकाने स्वतःहून ओळखावं. त्यांच्या हातात रेचक देणं फार घातक आहे.

वजनकाटा

खूप आभार. आता नवीन अडचण. एका सभासदाचा ९वा दिवस चालू आहे. उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी येते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. कोर्स विकणाऱ्याने सांगितलंय, ‘ही शुद्धीची लक्षणं आहेत, पाणी भरपूर प्या.’ आणखी एक गोष्ट सगळ्यांच्या बाबतीत दिसते. कोर्स थांबवला की चार दिवसांत काटा दोन-अडीच किलो वर, चेहरा आणि पाय सुजल्यासारखे. मग घाबरून लोक पुन्हा सुरू करतात. हे का होतं?

पचनमार्ग

त्यांना आजच थांबायला सांगा. अंधारी आणि पेटके म्हणजे पाणी आणि क्षार कमी झाले आहेत. त्यावर नुसतं साधं पाणी पीत राहिल्याने रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं. ओआरएस घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची २०.५ ग्रॅमची पुडी १ लिटर पाण्यात घालायची. पूर्ण पुडी, पूर्ण लिटर. अर्धी पुडी पेल्यात घालून पिणं ही नेहमी होणारी चूक आहे, त्याने प्रमाण बिघडतं. दिवसभरात घोट घोट करत दीड-दोन लिटर. पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, पण यात पोटॅशियम नसतं, म्हणून सोबत शहाळं किंवा केळं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र शहाळं-केळं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

उद्या सकाळी सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्यावं. बीपी किंवा शुगरची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आजच फोन करून काही गोळ्या दोन दिवस थांबवायच्या का ते विचारावं. मनाने बंद करू नये. छातीत धडधड, चक्कर येऊन पडणं, बारा तासांत लघवी न होणं, शौचातून रक्त, सतत उलट्या, बोलण्यात गोंधळ, पोट दगडासारखं कडक होणं, यातलं एकही असेल तर थेट रुग्णालय.

आता वजन परत का येतं. पाणी घटलं की शरीर रेनिन आणि अल्डोस्टेरॉन ही संप्रेरकं वाढवतं. अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाला सांगतं, मीठ आणि पाणी सोडू नकोस. या संप्रेरकाचा एक दुष्परिणाम असा की ते लघवीवाटे पोटॅशियम मात्र सोडायला लावतं, म्हणून जुलाबांच्या दिवसांत पोटॅशियम दोन्ही वाटांनी जातं. रेचक बंद केलं तरी ही व्यवस्था लगेच थांबत नाही. काही दिवस, कधी दोन आठवडे ती पाणी धरून ठेवते. म्हणून सूज, म्हणून काटा वर. ही चरबी नाही. पुन्हा पुडी घेतली की पाणी जातं, काटा उतरतो आणि ‘पुडीनेच वजन ताब्यात राहतं’ असा पक्का समज होतो. या कोर्सचा खरा सापळा मला हाच वाटतो, सोनामुखीच्या मुरड्यापेक्षाही. थांबणाऱ्याला आधीच सांगून ठेवा: वजन २ किलो वाढेल, पाय थोडे सुजतील, दोन आठवड्यांत बसेल. मीठ बेताचं ठेवा, बसताना पाय वर घ्या, आणि सूज उतरवायला लघवीची गोळी कदापि घेऊ नका.

दोन-तीन दिवस शौचाला झाली नाही तरी घाबरू नये. आतडं रिकामं आहे, भरायला वेळ लागतो. महिनोन्‌महिने सोनामुखी घेणाऱ्यांच्या आतड्याचा रंग तपकिरी-काळा होतो, याला मेलॅनोसिस म्हणतात. तो अपायकारक नाही आणि औषध थांबवल्यावर साधारण वर्षभरात निवळतो. पण तपासणीत तो दिसला की रेचक किती काळ चालू आहे याचा अंदाज येतो.

हिरडा_बेहडा

आयुर्वेदाच्या नावाने हे विकलं जातं म्हणून लिहिणं भाग आहे. पाकिटावर ‘विरेचन’ (आयुर्वेदातली रेचक देऊन करायची शुद्धी) छापलं असलं तरी हे विरेचन नाही. विरेचनात आधी दीपन-पाचन (भूक आणि पचन सुधारणारी औषधं), मग ३ ते ७ दिवस चढत्या मात्रेने औषधी तूप, मग अभ्यंग आणि स्वेदन (तेलाचं मालिश आणि घाम काढणारा शेक), आणि मग एक दिवस रेचक. एकच दिवस. त्या दिवशी वैद्य नाडी आणि बीपी बघतो, वेग (शौचाच्या खेपा) मोजतो: १० हीन (कमी), २० मध्यम, ३० प्रवर (उत्तम). त्यानंतर शुद्धीप्रमाणे ३ ते ७ दिवस संसर्जन, म्हणजे आधी पेज, मग विलेपी (घट्ट पेज), मग मुगाचं कढण, मग नेहमीचं जेवण. संसर्जन गाळलं तर केलेलं सगळं वाया जातं, कारण त्या दिवसांत अग्नी मंद असतो.

१५ दिवस रोज दोनदा जुलाब ही आमच्या भाषेत अतियोगाची, म्हणजे प्रमाणाबाहेर शुद्धीची, तयारी आहे. अतियोगाची लक्षणं ग्रंथांत स्पष्ट आहेत: तहान, चक्कर, अंगात गोळे, शक्तिपात. धागाकर्त्यांनी वर तीच लिहिली आहेत. दुबळा माणूस, गरोदर स्त्री, नवा ताप असलेला, गुदाशी जखम असलेला, यांना विरेचन वर्ज्य आहे. स्थौल्यासाठी (लठ्ठपणासाठी) चरकांनी सांगितलेलं सूत्र ‘गुरू आणि अपतर्पण’ असं आहे. म्हणजे पचायला जड पण पोषण कमी करणारं अन्न: सातू, मूग, कुळीथ, ताक, आणि सोबत व्यायाम. रोज रेच द्या असं त्यात नाही.

त्रिफळेबद्दल लोक विचारतीलच. हिरडा, बेहडा, आवळा समभाग, रात्री ३ ते ५ ग्रॅम कोमट पाण्यातून, ही सौम्य मात्रा आहे. शौच मऊ होते. वजन उतरवण्याचं औषध म्हणून तिच्याकडे बघू नका. पातळ होऊ लागलं तर मात्रा निम्मी करा. निशोत्तर आणि जमालगोटा (दोन्ही रेचक वनस्पती) असलेलं काहीही मात्र घरी प्रयोग म्हणून घेऊ नये. जमालगोटा कायद्याने विषारी द्रव्यांच्या यादीत आहे आणि तो असेल तर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना लेबलवर असावीच लागते.

योगसाधक

शंखप्रक्षालनाचं, म्हणजे मिठाचं पाणी पिऊन पोट साफ करण्याच्या योगक्रियेचं, काय? ते तर नैसर्गिक आहे, औषध नाही. आमच्याकडे शिबिरात सगळे करतात.

हिरडा_बेहडा

@योगसाधक, क्रिया जुनी आहे आणि नीट शिकवली तर उपयोगी आहे, पण तिचाही हिशेब बघा. कोमट पाण्यात लिटरला ९-१० ग्रॅम मीठ, साधारण दोन सपाट चहाचे चमचे. दोन पेले पिऊन ताडासन, तिर्यक ताडासन, कटिचक्रासन, तिर्यक भुजंगासन, उदराकर्षणासन, मग पुन्हा दोन पेले. पूर्ण क्रियेत १६ पेले म्हणजे सुमारे ४ लिटर पाणी आणि ३६ ग्रॅम मीठ पोटात जातं. दिवसाची शिफारस ५ ग्रॅमची. पाणी शौचावाटे बाहेर पडलं तर ठीक. आसनं नीट झाली नाहीत आणि ते आतच राहिलं तर एवढं मीठ रक्तात येतं. म्हणून बीपी, हृदय, मूत्रपिंड, हर्निया, अल्सर असलेल्यांना ही क्रिया नाही.

मिठाला घाबरून काही जण साध्या पाण्याने करतात. ते जास्त धोक्याचं आहे. मिठाचं प्रमाण रक्ताजवळचं असतं म्हणूनच पाणी फारसं शोषलं न जाता पुढे सरकतं. साधं ४ लिटर पाणी तासाभरात शोषलं गेलं तर सोडियम एकदम खाली येतं, झटकेही येऊ शकतात. क्रिया झाल्यावर ४५ मिनिटं विश्रांती, पण झोप नाही, आणि मग तूप घातलेली मऊ मूगखिचडी. वर्षातून एक-दोनदा, शिकवणारा समोर असताना. दर रविवारी वजनासाठी करायची ही गोष्ट नाही.

औषधालय

याच ओघात यंत्राने गुदद्वारातून पाणी सोडणाऱ्या ‘कोलन थेरपी’बद्दलही सांगतो. १९७८ ते १९८० दरम्यान अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये एका दवाखान्यात यंत्र नीट निर्जंतुक होत नसल्यामुळे किमान ३६ जणांना अमिबाची लागण झाली. दहा जणांचं आतडं काढावं लागलं आणि त्यातले निम्म्याहून जास्त दगावले. नळी टोचून आतड्याला भोक पडल्याची प्रकरणं वेगळी. कॉफीच्या एनिम्याने आतडं भाजल्याच्या आणि क्षार बिघडून मृत्यू झाल्याच्याही नोंदी आहेत.

लेबल कसं वाचायचं तेही बघून घ्या. आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, मुदत, आणि घटक प्रमाणासह असलेच पाहिजेत. ‘इतर वनस्पती योग्य प्रमाणात’ एवढ्यावर भागत नाही. अन्नपूरक म्हणून विकलं जात असेल तर एफएसएसएआयचा (भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना हवी. दोन्ही नसेल तर पाकीट परत करा. लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्याने बंदी आहे, लठ्ठपणा त्या अनुसूचीत नावानिशी आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करता येते. पाकीट, पावती आणि जाहिरातीचा फोटो जोडा, आणि उरलेल्या पुड्या फेकू नका, नमुना म्हणून लागतील.

भेसळीची शंका कधी घ्यावी? ‘वनस्पतीं’च्या कॅप्सूलने भूक एकदम मरते, तोंड कोरडं पडतं, झोप उडते, बीपी चढतं, तेव्हा सिब्युट्रामिन या भूक मारणाऱ्या औषधाचा संशय घ्या. हृदयाच्या धोक्यामुळे भारतात ते २०११ पासून बंद आहे, तरी जगभर वजनाच्या ‘हर्बल’ मालात ते सापडत राहतं. तसंच फिनॉल्फ्थॅलीन हे जुनं रेचक. लघवी किंवा शौच गुलाबी दिसली आणि बीट खाल्लेलं नसेल तर ते असू शकतं.

कुळीथ_पिठलं

आहाराच्या बाजूने लिहिते. सभासदाला ‘घेऊ नका’ म्हटल्यावर हातात काहीतरी द्यावं लागतं. बहुतेकांची मूळ तक्रार पोट साफ नसणं, जड वाटणं हीच असते. त्यावर उपाय सोपा आहे, फक्त सावकाश होतो.

दिवसाला २५-३० ग्रॅम तंतू लागतात. ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारी किंवा बाजरीच्या भाकरीतून सुमारे ५ मिळतात, ३० ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीतून ४-५, एका मध्यम पेरूतून ८ च्या आसपास. सकाळ-संध्याकाळ भाकरी, एक वाटी उसळ, दोन वाट्या भाज्या, एक फळ, झालं. पण एकदम वाढवू नका, आठवड्याला ५ ग्रॅमने चढवा. पहिल्याच दिवशी दोन वाट्या हरभऱ्याची उसळ आणि दोन चमचे इसबगोल घेतलं की पोट फुगतं आणि लोक चार दिवसांत सोडतात.

इसबगोल घ्यायचंच असेल तर एकटं, ५ ग्रॅम, २५० मिली पाण्यात ढवळून लगेच प्यायचं आणि वर आणखी एक पेला पाणी. ठेवलं तर घट्ट होतं, आणि कोरडं तोंडात टाकलं तर घशात फुगून अडकतं. परिणाम १२ ते ७२ तासांत. गिळायला त्रास असलेल्यांना देऊ नका.

सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर आतड्याची हालचाल आपोआप वाढते, त्या वेळी दहा मिनिटं बसायची सवय लावा. कमोड असेल तर पायाखाली १५-२० सेंटिमीटरचं स्टूल.

वजनासाठी दिवसाला ५०० किलोकॅलरींची तूट ठेवली की आठवड्याला अर्ध्या किलोच्या जवळ जातं. काट्यावर दिसायला हळू, पण ती चरबी असते. रोज वजन करू देऊ नका. आठवड्यातून एकदा, सकाळी, शौचानंतर, त्याच काट्यावर, आणि सोबत कंबर मोजा. पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर कंबरेचा आकडा काट्यापेक्षा जास्त कामाचा.

एक राहून जातं. वजन वाढणं, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणं, केस गळणं एकत्र असेल तर आधी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करून घ्या. आणि चाळिशी-पंचेचाळिशीनंतर शौचाची सवय नव्याने बदलली, रक्त पडलं, हिमोग्लोबिन उतरलं किंवा प्रयत्न न करता वजन कमी झालं तर साफ करणारं काहीही देऊ नका, तपासणीला पाठवा.

वजनकाटा

त्या सभासदाचा रिपोर्ट आला. पोटॅशियम ३.१, क्रिएटिनिन ठीक. डॉक्टरांनी औषध सुरू केलंय, कोर्स बंद. अजून एकच विचारतो: त्यांना थायरॉईडची गोळी चालू आहे, पुढे इसबगोल घेतलं तर चालेल का?

औषधालय

चालेल, पण पोटॅशियम पुन्हा तपासून ते ३.५ च्या वर आलं की मग. थायरॉक्सिन सकाळी रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा अर्ध्या ते एका तासाने. इसबगोल रात्रीच्या जेवणानंतर तासाभराने, झोपायला आडवं होण्याच्या किमान अर्धा तास आधी. दोन्हींत ४ तासांहून कमी अंतर कधीच नको, कारण तंतू गोळीचं शोषण कमी करतात. इसबगोल रोजचं झालं की ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघावं आणि गरज वाटली तर डॉक्टर मात्रा बदलतील. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर तीही थायरॉक्सिनपासून ४ तास लांब. ती दुपारच्या जेवणाच्या सुमाराला ठेवा.